घाटाने घेतलेली परीक्षा : १०८९ सीसीच्या एका इंजिनाची त्रेसष्ट वर्षे

१/
१९३७ साली इटलीतील ट्युरिन येथे फियाट कंपनीने आपल्या नव्या मोटारीसाठी १०८९ सीसीचे पेट्रोल इंजिन आणले. तेच माप आणि तीच मूळ रचना असलेले इंजिन मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात २००० सालापर्यंत तयार होत होते. त्रेसष्ट वर्षे! महाराष्ट्राने त्याला आधी ‘फियाट’ आणि मग ‘प्रीमियर पद्मिनी’ या नावांनी ओळखले. ते इतके टिकले कसे आणि त्या टिकण्याची किंमत कोणी मोजली, याचा हा धागा.

२/
इतिहासाचे साधन म्हटले की बखर, ताम्रपट, पेशवे दफ्तर डोळ्यांपुढे येते. यंत्राच्या बिघाडांची यादी हेही एक साधन आहे. यंत्र कोणत्या हवेसाठी व कोणत्या काळासाठी घडवले गेले आणि प्रत्यक्षात कोठे, किती काळ राबवले गेले, यांतले अंतर ती यादी सांगते. फियाटच्या बाबतीत हे अंतर पनवेलहून पुण्याकडे निघाले की उघडे पडत असे.

३/
पनवेलच का? हे खाडीकाठचे जुने बंदर आणि बाजारपेठ. येथील नगरपालिका १८५२ ची. मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम याच्या कारकिर्दीत, १८३० मध्ये, बोरघाटातून चाकांच्या गाड्यांसाठी रस्ता खुला झाला. रेल्वे येण्यापूर्वीचा प्रवासी मुंबईहून होडीने पनवेलला उतरे आणि तेथून घाटाची वाट धरी.

४/
मोटारीच्या युगातही पनवेलचे हे स्थान टिकले. वाशीचा खाडीपूल होण्यापूर्वी मुंबईची मोटार ठाणे, मुंब्रा असा वळसा घेऊन पनवेलला येई. पळस्पे फाट्यावर गोव्याचा रस्ता वेगळा होई आणि पुण्याची गाडी चौक, खालापूर करत खोपोलीला पोहोचे. तोवरचा रस्ता सौम्य. खोपोलीनंतर मात्र खंडाळ्यापर्यंत जवळजवळ पाचशे मीटरची चढण, तीही थोडक्या अंतरात. परीक्षेचे केंद्र ते.

५/
या घाटाशी मोटारीच्या जनकाचे नाते जुने होते. वालचंद हिराचंद यांचा जन्म १८८२ मध्ये सोलापुरात झाला. रेल्वेच्या ठेकेदारीतून ते पुढे आले. १९२० च्या दशकात त्यांच्या बांधकाम कंपनीने बोरघाटातील रेल्वेचे बोगदे खोदले. १९४० मध्ये बंगळूरला विमानांचा कारखाना, १९४१ मध्ये विशाखापट्टणला जहाजबांधणी, आणि १९४४ मध्ये ‘प्रीमियर ऑटोमोबाइल्स’. जमीन, पाणी आणि आकाश, तिन्ही ठिकाणी स्वदेशी यंत्रे चालावीत ही त्यांची जिद्द होती.

६/
प्रीमियरची सुरुवात अमेरिकन मोटारींनी झाली. क्रायस्लर कंपनीशी करार होऊन १९४७ मध्ये कुर्ल्यात डॉज, प्लिमथ यांसारख्या गाड्यांची जुळणी सुरू झाली. त्या मोठ्या, दणकट आणि पेट्रोल पिणाऱ्या होत्या. नव्या भारतातील मध्यमवर्गीय घराला परवडेल अशी लहान गाडी मात्र युरोपातच सापडणार होती. प्रीमियरने फियाटचा हात धरला. वालचंद १९५३ मध्ये निवर्तले. त्यांचा कारखाना ज्या गाडीमुळे घरोघरी पोहोचला, तिचे यश पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते.

७/
त्याच सुमारास सरकारने धोरण ठरवले : परदेशी सुटे भाग आणून नुसती जुळणी करणाऱ्यांना येथे जागा नाही, ज्यांना भाग येथेच घडवायचे आहेत त्यांनीच राहावे. जनरल मोटर्सने १९२८ पासून मुंबईत शिवडीला जुळणी चालवली होती. ती कंपनी निघून गेली, फोर्डही गेली. मैदानात मोजके भारतीय कारखाने उरले. प्रीमियर हा त्यांतला एक. पुढच्या तीन दशकांची पटकथा येथेच लिहिली गेली.

८/
फियाटने ‘११००-१०३’ ही गाडी मार्च १९५३ मध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात मांडली. पुढच्याच वर्षी ती कुर्ल्यात जुळू लागली. म्हणजे १९५४ मध्ये मुंबईकराला मिळणारी गाडी युरोपच्या अगदी बरोबरीची होती. हे लक्षात ठेवणे आवश्यक आहे, कारण पुढे जी दरी दिसते ती पहिल्या दिवशी नव्हती. ती वर्षागणिक रुंदावत गेली.

९/
आता इंजिनाकडे वळू. चार सिलिंडर एका ओळीत. प्रत्येकाचा व्यास ६८ मिमी, दट्ट्याची धाव ७५ मिमी. या मापांवरून चार सिलिंडरांचे एकूण आकारमान येते सुमारे १०८९ घन सेंटिमीटर, म्हणजेच सीसी. व्यासापेक्षा धाव अधिक असल्याने हे ‘लांब धावेचे’ इंजिन. असे इंजिन कमी फेऱ्यांतही बऱ्यापैकी ओढते, पण फार जोरात फिरवलेले त्याला मानवत नाही.

१०/
१९३७ च्या मूळ इंजिनाची ताकद ३२ अश्वशक्ती होती. १९५३ च्या गाडीत ती ३६ झाली आणि पुढे सुधारणा होत चाळिशीच्या पुढे गेली. गाडीचे वजन सुमारे ९०० किलो. त्यात पाच-सहा माणसे, मागे ट्रंका, वर कॅरियरवर वळकट्या. आजच्या अनेक लहान गाड्यांची ताकद याच्या दीडपट-दुप्पट असते. सपाटीवर हे इंजिन कुरकुरत नसे. चढणीवर मात्र चालकाला दुसऱ्या गिअरशी दीर्घकाळ संसार करावा लागे.

११/
रचनेत त्या काळाच्या मानाने पुढारलेपण होते. व्हॉल्व्ह सिलिंडरच्या डोक्यावर होते. १९३७ मध्ये अनेक स्वस्त गाड्यांत ते अजून बाजूला असत. खालचा ब्लॉक बिडाचा, वरचे हेड ॲल्युमिनियमचे. क्रँकशाफ्टला तीन मुख्य बेअरिंगांचा आधार. १९३७ च्या या गाडीच्या रचनेत दान्ते जाकोसा या तरुण अभियंत्याचा मोठा वाटा होता. फियाटची प्रसिद्ध छोटी ‘तोपोलिनो’ हीही त्याचीच.

१२/
बाकी सारे यांत्रिक आणि डोळ्यांना दिसणारे. पेट्रोल ओढणारा पंप इंजिनाच्या कॅमशाफ्टवर चाले. हवा आणि पेट्रोल यांचे मिश्रण कार्बोरेटर करी. ठिणगी कोणत्या सिलिंडरला केव्हा द्यायची हे डिस्ट्रिब्युटर ठरवी. पाण्याचा पंप आणि पंखा एकाच पट्ट्यावर फिरत. बॉनेट उघडले की इंजिनाचा सगळा प्रपंच समोर मांडलेला असे. या उघडेपणातच त्याच्या दीर्घायुष्याचे एक रहस्य आहे.

१३/
पहिला आणि सर्वांत प्रसिद्ध दोष : गाडी तापणे. पेट्रोल इंजिन इंधनातील ऊर्जेचा साधारण चौथा हिस्साच गतीत बदलते. बाकीची उष्णता धुराड्यातून आणि रेडिएटरमधून बाहेर पडावी लागते. घाटात इंजिन पूर्ण ताकदीने राबते, गाडी मात्र ट्रकच्या मागे रांगते. समोरून वारा जवळजवळ नाही, हवा वैशाखातली. रेडिएटरमधून बाहेर पडणाऱ्या उष्णतेपेक्षा निर्माण होणारी उष्णता वाढली की पाणी उकळू लागते.

१४/
त्यात देखभालीची भर. विहिरीचे किंवा बोअरचे जड पाणी वर्षानुवर्षे भरल्याने रेडिएटरच्या नळ्यांत क्षार साचत. दाब धरून ठेवणाऱ्या झाकणाचा रबर कडक होई. फॅनबेल्ट सैल पडे. प्रत्येक गोष्ट किरकोळ, पण घाटात सगळ्यांचा हिशेब एकदम होई. म्हणूनच जुन्या घाटरस्त्याच्या कडेला बॉनेट वर करून थांबलेल्या, वाफा सोडणाऱ्या गाड्या हे नेहमीचे दृश्य होते आणि डिकीत पाण्याचा कॅन हा प्रवासाचा भाग होता.

१५/
याच घाटात शिंग्रोबाचे मंदिर आहे. इंग्रजांना घाटाची वाट दाखवणाऱ्या धनगराची ही जागा, अशी लोककथा. येणारे-जाणारे चालक येथे नाणे टाकून पुढे जात. ज्या यंत्राच्या भरवशावर घाट चढायचा ते अर्ध्यात साथ सोडू शकते हे ठाऊक असलेल्या माणसांची ती श्रद्धा होती. तिच्याकडे केवळ भाबडेपणा म्हणून पाहणे हा त्या काळावर अन्याय ठरेल.

१६/
तापलेल्या गाडीपेक्षा अधिक नुकसान घाई करी. उकळत्या रेडिएटरचे झाकण उघडले तर हात भाजे. तापलेल्या इंजिनात एकदम गार पाणी ओतले तर हेड वाकण्याची भीती. ॲल्युमिनियम आणि बीड उष्णतेने सारखे प्रसरण पावत नाहीत. त्यामुळे दोहोंमधील गॅस्केट आधीच ताणाखाली असे. ते उडाले की पाणी ऑइलमध्ये मिसळे आणि ऑइलचा रंग दुधाळ चहासारखा होई. तो रंग पाहून मिस्त्री काही बोलत नसे, पाने काढायला घेई.

१७/
दुसरा दोष चकवणारा. गाडी तापलेली नाही, टाकीत पेट्रोल आहे, तरी इंजिन आचके देऊन बंद पडते. पेट्रोलमधील हलके घटक चाळीस अंशांच्या आसपासही वाफ होऊ लागतात. पंप इंजिनाला चिकटून बसवलेला, आणि तो मागच्या टाकीतून पेट्रोल ओढतो तेव्हा नळीतला दाब कमी होतो. वाफेचा फुगा अडकला की पंप नुसता हवाच हलवत राहतो. उपाय : पंपावर ओले फडके. साधा, फुकटचा आणि भौतिकशास्त्राच्या कसोटीला पूर्ण उतरणारा.

१८/
तिसरा दोष पावसाळ्याचा. डिस्ट्रिब्युटरमध्ये दोन छोटे स्पर्शबिंदू, गॅरेजच्या भाषेत ‘पॉइंट’, सतत उघडझाप करत. त्यांतले अंतर अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. ते जळत, झिजत, अंतर बदले आणि ठिणगी अवेळी पडे. कोकणातल्या धो धो पावसात डिस्ट्रिब्युटरच्या टोपीत दमट हवा शिरली की वीज भलत्याच वाटेने पळे. टोपी उघडून कोरड्या फडक्याने पुसणे आणि पॉइंट बारीक पॉलिश पेपरने घासणे हे कौशल्य अनेक गाडीमालकांना अवगत होते.

१९/
कार्बोरेटरचे दुखणे वेगळे. टाकीतला गंज किंवा कचरा त्याच्या सुईएवढ्या छिद्रांत अडकला की गाडी दम सोडी. आतला तरंगता फ्लोट बिघडला की पेट्रोल ओसंडून वाही. पेट्रोलमध्ये रॉकेलची भेसळ झाली की इंजिन ठोके देई आणि प्लग काळे पडत. थंडीच्या सकाळी चोक ओढायचा, पण किती आणि किती वेळ, हे ज्याच्या त्याच्या गाडीचे गुपित. चुकले तर प्लग पेट्रोलने भिजत आणि मग शेजाऱ्यांना धक्का मारायला बोलवावे लागे.

२०/
आणि शेवटी झीज. रिंगा झिजल्या की ऑइल वर चढे आणि धुराड्यातून निळसर धूर येई. मग इंजिन उतरवायचे, सिलिंडर बोअर करून घ्यायचे, मोठ्या मापाचे दट्टे आणि नव्या रिंगा बसवायच्या. गाडी पुन्हा काही वर्षे धावे. म्हणजे हे इंजिन मरत नसे, त्याचा पुनर्जन्म होई. यातच त्याची थोरवी आणि यातच त्या काळाची नामुष्की दडलेली आहे.

२१/
नामुष्की कशी? या बिघाडांपैकी बहुतेकांवर जगाने उपाय शोधलेले होते : विजेवर चालणारा पंखा, बंदिस्त शीतकरण, पॉइंटविना चालणारी इलेक्ट्रॉनिक प्रज्वलन यंत्रणा. खुद्द फियाटने १९६९ मध्ये इटलीत ११०० मालिकेचे उत्पादन थांबवले आणि पुढची चाके फिरवणारी आधुनिक ‘१२८’ आणली. कुर्ल्यात मात्र तेच इंजिन आणखी एकतीस वर्षे बनत राहिले. ट्युरिनला जे संपले ते येथे अर्ध्या वाटेवरही नव्हते.

२२/
याचे मूळ परवाना पद्धतीत होते. किती गाड्या बनवायच्या ते सरकार ठरवी. आयातीला दारे बंद. गाडी नोंदवून वर्षानुवर्षे थांबावे लागे. स्पर्धा म्हणजे कोलकात्याजवळची अँबेसडर आणि मद्रासची स्टँडर्ड. गिऱ्हाईक रांगेत उभे असताना गाडी सुधारण्याची निकड कोणाला भासावी? बिघाडाचा खर्च कारखान्याच्या हिशेबात येतच नव्हता, तो घाटात उभ्या असलेल्या कुटुंबाच्या खिशातून जात होता.

२३/
कारखान्याची बाजूही ऐकली पाहिजे. १९६९ मध्ये सरकारने मोटारींच्या किमतीही बांधून दिल्या. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. १९७१ च्या निकालात, किंमत ठरवताना उत्पादकाला वाजवी परतावा मिळाला पाहिजे हे तत्त्व मान्य झाले. मोजके उत्पादन, बांधलेली किंमत, परदेशी तंत्रज्ञानासाठी परकीय चलनाची टंचाई, अशा चौकटीत नवे इंजिन उभारणे सोपे नव्हते. दोष एका कोणाचा नव्हता. पण परिणाम एकच : इंजिन जसेच्या तसे.

२४/
नाव मात्र बदलले. फियाटशी असलेला करार संपल्यावर सत्तरच्या दशकात गाडी ‘प्रीमियर प्रेसिडेंट’ झाली आणि १९७४ पासून ‘प्रीमियर पद्मिनी’. चित्तोडच्या राणीचे नाव, ट्युरिनचे हृदय, कुर्ल्याचे हात. लोक मात्र तिला फियाटच म्हणत राहिले. साठच्या दशकापासून काळ्या-पिवळ्या रंगात ती मुंबईची टॅक्सी झाली होतीच. तीच पुढे तिची सर्वांत ठळक ओळख ठरली.

२५/
न बदलणाऱ्या यंत्राने एक अनपेक्षित देणगी दिली : सर्वत्र पोहोचलेले ज्ञान. तीस वर्षे तेच सुटे भाग, तीच पाने, तेच आवाज. पनवेलचा मिस्त्री असो वा सांगलीचा, टॅपेटची टकटक ऐकूनच तो निदान करी. बहुतेक जण हाताखाली राबून शिकलेले, पुस्तकाशिवाय घडलेले. दादरला बंद पडलेली गाडी आणि महाडला बंद पडलेली गाडी एकाच भाषेत बोलत. हे कसब कोणत्याही अभ्यासक्रमात नोंदले गेले नाही. म्हणून ते इतिहासातून लवकर निसटते.

२६/
१४ डिसेंबर १९८३ रोजी मारुती ८०० रस्त्यावर आली. तीन सिलिंडर, ७९६ सीसी. आकाराने लहान, वजनाने हलकी, घाटात निर्धास्त. ग्राहकाला प्रथमच तुलना करता आली. प्रीमियरने १९८५ मध्ये निस्सानच्या इंजिनावर चालणारी ‘११८ एनई’ आणली, म्हणजे जुन्या इंजिनाची मर्यादा कारखान्यालाही मान्य होती. पद्मिनी मात्र सुरूच राहिली. खासगी गिऱ्हाईक हळूहळू दूर गेले, टॅक्सी उरली.

२७/
मग हवेचा प्रश्न आला. १९९५ पासून महानगरांत शिसेविरहित पेट्रोल मिळू लागले आणि २००० मध्ये शिसेयुक्त पेट्रोल देशभर बंद झाले. आरोग्यासाठी हे आवश्यक होते. पण जुन्या इंजिनांत व्हॉल्व्ह ज्या कड्यांवर बसतात त्यांना शिशाचा पातळ थर झिजेपासून वाचवत असे. तो गेला आणि झीज वाढली. मुंबईत उच्च न्यायालयाच्या आदेशांनंतर जुन्या टॅक्सी सीएनजीवर वळल्या. १९३७ च्या आराखड्याने आणखी एक इंधन पचवले!

२८/
२००० साली पद्मिनीचे उत्पादन थांबले. २००२ मध्ये पनवेलजवळच्या कळंबोलीपासून पुण्याकडे जाणारा द्रुतगती मार्ग पूर्ण खुला झाला. इंजिन संपले आणि त्याची परीक्षा घेणारा रस्ताही दुय्यम झाला, अवघ्या दोन वर्षांच्या अंतराने. मुंबईतील शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेवच्या आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली. टॅक्सीला वीस वर्षांची वयोमर्यादा असल्याने ३० ऑक्टोबर २०२३ पासून पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यांवरून अधिकृतपणे गेली.

२९/
त्या दिवसांत हळवे निरोप पुष्कळ लिहिले गेले. हळवेपणा खरा असतो, पण तो अर्धाच इतिहास सांगतो. ज्याला आज आठवणींचा गोडवा म्हणतात, त्यात पर्याय नसलेल्या ग्राहकाची अगतिकता होती, निळ्या धुरात श्वास घेणारे शहर होते आणि भर उन्हात घाटात खोळंबलेली मुलेबाळे होती. दुसरीकडे, आज बॉनेट उघडून मालकाला स्वतः दुरुस्त करता येईल असे फारसे काही उरलेले नाही, हेही खरे.

३०/
म्हणून हे इंजिन दोन्ही बाजूंनी वाचावे. त्याची साधी, उघडी रचना हे त्याच्या निर्मात्यांचे कर्तृत्व. त्रेसष्ट वर्षे त्याच मापात अडकून राहणे हे धोरणाचे अपयश. आणि ते अपयश रोज हाताने भरून काढणे, ओल्या फडक्याने, पॉलिश पेपरने, कॅनभर पाण्याने, हा सामान्य चालकाचा आणि मिस्त्रीचा पराक्रम. पहिल्या दोन गोष्टींची कागदपत्रे आहेत. तिसरीची नोंद जुन्या मिस्त्र्यांच्या तोंडीच आहे, आणि ते आता थकत चालले आहेत. ज्याला इतिहासाची आवड आहे त्याने आधी त्यांच्याकडे जावे.

(समाप्त)